दोन तारा, एकच पूल
दूरसंचारातील बिघाड, त्यावरील खर्च आणि भरवसा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर येथील राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचे पाणी ५५ फुटांच्या वर चढले. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पुराची कल्पना येते. शिरोलीजवळ पंचगंगेचे आणि निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर आले आणि वाहतूक ठप्प झाली. जुलै २०२१ मध्ये या दोन्ही ठिकाणी पुन्हा तोच प्रकार घडला. वीज उपकेंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे असंख्य गावे अंधारात राहिली.

अशा रात्री धरणातून किती पाणी सोडले, ते गावात केव्हा पोहोचणार, नाव कोठे पाठवावयाची, अडलेल्या बाळंतिणीसाठी रुग्णवाहिका कोणत्या बाजूने आणावयाची, हे सारे दूरध्वनीवरूनच ठरते. पूर ओसरल्यावरही ही गरज संपत नाही. रास्त भाव दुकानातील अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र, बँकेचे व्यवहार, पंचनाम्याची माहिती वर पाठविणे ही सर्व कामे आज दूरसंचाराच्या जाळ्यावरच चालतात. साहजिकच हे जाळे कधीही बंद पडू नये, अशी अपेक्षा केली जाते. तथापि, कधीही बंद न पडणारे जाळे कोणत्याही देशाला बांधता आलेले नाही. बिघाड होणारच, हे गृहीत धरून तो किती वेळात भरून काढावयाचा आणि त्यासाठी किती पैसा खर्चावयाचा, एवढेच आपल्या हाती असते. हा प्रश्न दिसावयास तांत्रिक असला, तरी त्याचे उत्तर ठरविताना कोणत्या गावाने किती काळ थांबावे, हेही नकळत ठरून जाते. म्हणून तो अभियंत्यांबरोबरच ग्रामस्थ, शिक्षक व महसूल कर्मचारी यांनीही समजावून घेण्यासारखा आहे.

तासांचा हिशोब

वर्षाचे तास ८,७६०. एखादी तार ९९ टक्के वेळ चालू राहते असे म्हटले, म्हणजे ऐकावयास फार चांगले वाटते; पण उरलेला एक टक्का म्हणजे वर्षातील साडेतीन दिवसांहून अधिक काळ होय. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाकाठी सुमारे पावणेनऊ तासांचा खंड, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटांचा आणि ९९.९९९ टक्के म्हणजे अवघ्या सव्वापाच मिनिटांचा. दशांश चिन्हानंतर वाढणाऱ्या प्रत्येक नऊच्या आकड्यामागे जादा तारा, जादा यंत्रे, जादा वीज आणि रात्री-अपरात्री धावणारी जादा माणसे उभी असतात. पहिली पायरी स्वस्त असते; पुढची प्रत्येक पायरी मागच्यापेक्षा महाग होत जाते.

या आकड्यांत एक उणीवही आहे. ते वर्षाची सरासरी सांगतात. फेब्रुवारीतील एखाद्या दुपारी आठ तास दूरध्वनी बंद पडणे आणि पुराच्या रात्री आठ तास बंद पडणे, यांत या हिशोबाला काहीच फरक दिसत नाही. नदीकाठच्या माणसाला तो दिसतो.

आता एका तारेऐवजी दोन तारा टाकल्या, तर काय होते ते पाहू. प्रत्येक तार शंभर तासांतील एक तास बंद राहते असे धरले, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा संभव दहा हजारांत एक एवढाच उरतो. म्हणजे खर्च दुप्पट झाला, पण खंड शंभरपटींनी घटला. हा सौदा इतका फायद्याचा दिसतो की, अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्याला दुसरे काही विचारावेसे वाटत नाही. परंतु या हिशोबात एक अट दडलेली आहे. दोन्ही तारांच्या बिघाडाची कारणे एकमेकांपासून अगदी वेगळी असली पाहिजेत.

टिळकवाडीची तीन गेट

ही अट समजण्यासाठी बेळगावच्या टिळकवाडीइतके सोपे उदाहरण सापडणार नाही. या उपनगरातून रेल्वेमार्ग जातो आणि त्यावर पहिले, दुसरे व तिसरे रेल्वे गेट अशी तीन ठिकाणे पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहेत. रूळ ओलांडण्यास तीन जागा आहेत. तेव्हा एक बंद असली तर दुसऱ्या जागेने जावे, असे नकाशा पाहणाऱ्याला वाटेल. टिळकवाडीचा रहिवासी असे म्हणणार नाही. पहिल्या गेटावर अडकलेला माणूस सायकल वळवून दुसऱ्या गेटाकडे जातो, तोवर तेथेही फाटक पडलेले असते. कारण गाडी एकच, तिचा मार्गही एकच. तीन गेटांमुळे वर्दळ विभागली जाते, हा फायदा खरा. पण गाडी येण्याच्या वेळी तीन गेटांची मिळून किंमत जवळजवळ एका गेटाइतकीच होते. तिसऱ्या गेटावर आता उड्डाणपूल आहे. त्याला मात्र गाडीशी कर्तव्य नाही, आणि म्हणूनच तो खऱ्या अर्थाने दुसरा रस्ता ठरतो.

दूरसंचाराच्या तारांचे नेमके असेच आहे. प्रकाशतंतूंची केबल महामार्गाच्या कडेने टाकणे सर्वांना सोयीचे जाते. जमीन मोकळी असते, परवानगी एकाच कार्यालयाकडून मिळते, वाहन शेवटपर्यंत जाते. त्यामुळे एका संस्थेची केबल, तिची जादा केबल आणि दुसऱ्या संस्थेची केबल, या तिन्ही पुष्कळदा एकाच कडेने आणि एकाच पुलावरून जातात. बेळगावहून कोल्हापूरमार्गे पुण्याकडे जाताना संकेश्वरला हिरण्यकेशी, यमगर्णीला वेदगंगा, कागलजवळ दूधगंगा आणि शिरोलीला पंचगंगा लागते. या चारही नद्या एकाच पश्चिम घाटातील पावसाने फुगतात. एका पुलावर दोन केबल असतील आणि पुलालाच धोका पोहोचला, तर हिशोबातील शंभरपटींचा लाभ त्या क्षणी नाहीसा होतो. समजा, वर्षातील साडेसत्त्याऐंशी तासांच्या खंडापैकी वीस तास केवळ पुरामुळे येतात आणि पूर दोन्ही केबलना एकदमच गाठतो. तर दुसऱ्या केबलवर कितीही पैसा ओतला, तरी खंड वीस तासांच्या खाली येणार नाही.

ही चूक केवळ आपल्याकडेच होते असे नव्हे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालील दोन मोठ्या केबल एकाच दिवशी तुटल्या आणि भारताची परदेशांशी असलेली इंटरनेटची क्षमता निम्म्याच्या आसपास घटली. केबल दोन होत्या, कंपन्याही वेगळ्या होत्या. पण समुद्रातील वाट जवळजवळ एकच होती. अमेरिकेत शिकागोजवळील हिन्सडेल येथे ८ मे १९८८ रोजी दूरध्वनी केंद्राला आग लागली. त्या वेळी केंद्रात माणूस नव्हता. त्या भागातील बहुतेक सर्व दूरध्वनी व्यवहार याच एका इमारतीतून होत असल्यामुळे सुमारे ३५ हजार ग्राहकांचे दूरध्वनी बंद पडले आणि व्यवहार पूर्ववत होण्यास काही आठवडे लागले. तारांचे जाळे दाट होते. त्याची गाठ मात्र एकच होती.

मग बेळगावसारख्या ठिकाणी खरोखर दुसरी वाट कोणती? उत्तरेकडील वाट कोल्हापूरची असेल, तर दुसरी दक्षिणेला कित्तूर-धारवाडकडे असावयास हवी. त्या वाटेवरही एम. के. हुबळीजवळ मलप्रभा आहेच. पश्चिमेकडे चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटाने जावे, तर पावसाळ्यात दरडींचे भय. म्हणजे पूर्णपणे निर्धोक अशी एकही वाट नाही. परंतु कोल्हापूरच्या बाजूचे पूल आणि मलप्रभेचा पूल एकाच रात्री निकामी होण्याचा संभव, एकाच पुलावरील दोन केबल निकामी होण्याच्या संभवापेक्षा पुष्कळच कमी असतो. खर्च करावयाचा तो हा फरक मिळविण्यासाठी.

येथे काटकसरीलाही वाव आहे. दुसरी वाट पहिलीइतकीच रुंद असली पाहिजे असे मुळीच नाही. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जाणारा सूक्ष्मलहरींचा रेडिओ दुवा नदीच्या वरून जातो, त्याला पूल लागत नाही. त्याची वाहकता केबलच्या मानाने थोडी असते आणि मुसळधार पावसात उच्च कंप्रतेच्या लहरी क्षीणही होतात. चित्रपट पाहण्यास तो उपयोगी नाही. पण तहसील कार्यालय, पोलीस ठाणे, रुग्णालय आणि धरणावरील चौकी यांचे बोलणे त्यावरून सहज होऊ शकते. चौपदरी महामार्ग बंद पडल्यावर बैलगाडीचा रस्ता उघडा असला, तरी औषध गावात पोहोचते.

माळ आणि वलय

गावे तारेने जोडण्याच्या दोन रीती आहेत. पहिली माळेची. तालुक्याच्या गावाहून निघालेली केबल पहिल्या गावी, तेथून दुसऱ्या, तेथून तिसऱ्या गावी जाते आणि शेवटच्या गावी संपते. यात केबल कमी लागते. पण तालुक्याच्या वेशीवर जलवाहिनीसाठी खोदणाऱ्या यंत्राचा एक दात लागला की माळेतील सर्व गावे मुकी होतात. आणि शेवटच्या गावाला वाटेतील प्रत्येक गावाचे खोदकाम भोवते. दुसरी रीत वलयाची. शेवटच्या गावाहून केबल वेगळ्या वाटेने परत तालुक्याला आणून जोडतात. मग वलय कोठेही एका जागी तुटले, तरी संदेश उलट्या दिशेने फिरून पोहोचतो. योग्य यंत्रे बसविली असल्यास हा बदल सेकंदाच्या विसाव्या भागात होतो, बोलणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नाही.

केंद्र शासनाने २०११ मध्ये ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडण्याची जी योजना मंजूर केली आणि जिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले, तिचा आरंभीचा अंदाज सुमारे २०,००० कोटी रुपयांचा होता. तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतची तिची मूळ आखणी बव्हंशी माळेसारखी होती. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित कार्यक्रमास मान्यता दिली. त्यात जुन्या जाळ्याचे वलयांत रूपांतर करणे आणि सुमारे ४२ हजार राहिलेल्या ग्रामपंचायती नव्याने जोडणे यांचा समावेश असून एकूण तरतूद १,३९,५७९ कोटी रुपयांची आहे. या दोन रकमांची थेट तुलना करणे योग्य होणार नाही. कारण नव्या रकमेत दहा वर्षांची देखभाल व इतर कामेही धरलेली आहेत. मात्र देखभालीचा खर्च बांधणीच्या वेळीच मोजला गेला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. केबल टाकण्याचा समारंभ होतो. ती जोडत राहण्याचा होत नाही, आणि निधीही बहुधा तेथेच कमी पडतो.

वलयाबाबत एक धोका सांगितलाच पाहिजे. परतीची केबल वेगळ्या वाटेने नेण्याचा खर्च वाचविण्यासाठी ती जाणाऱ्या केबलच्याच चरात घातली, तर नकाशावर वलय दिसते आणि जमिनीत माळच राहते. यंत्राचा एक घाव दोन्ही बाजू तोडतो. अशा वलयाला पैसे वलयाचे पडतात आणि भरवसा माळेचा मिळतो. यापेक्षा सरळ माळ ठेवून उरलेल्या पैशातून एक जादा दुरुस्ती-पथक नेमलेले बरे.

कारण अखेर तुटलेली तार माणसालाच जोडावी लागते. केबल नेमकी कोठे तुटली हे खोदून शोधत बसावे लागत नाही. केबलच्या एका टोकातून प्रकाशाचा क्षणिक झोत सोडतात. तो तुटलेल्या जागेवरून परततो. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. तेव्हा प्रतिध्वनी सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाने परत आला, तर तूट वीस किलोमीटरवर आहे हे कळते. पुढे मात्र रस्ता, चिखल, पाणी आणि काळोख यांतून तेथवर पोहोचून केसासारखे तंतू एकेक करून जुळवावयाचे असतात. यंत्र काही क्षणांत जागा सांगते. पथक दोन तासांत पोहोचते की दोन दिवसांत, यावर खंडाची लांबी ठरते.

तार तुटू न देणे हा उपाय सर्वांत स्वस्त. ताळमेळ न ठेवता केलेल्या खोदकामामुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा अंदाज २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे भ्रमणध्वनीवरील ॲप सुरू करताना सांगण्यात आला. खोदण्यापूर्वी त्यावर जागा नोंदविली की तेथील केबल व वाहिन्यांच्या मालकांना सूचना जाते. रस्त्याकडेचे केबलचे दर्शक दगड उपटून बांधाला लावू नयेत, ही गोष्ट मात्र कोणत्याही ॲपशिवाय पाळता येण्यासारखी आहे.

कित्तूरचे केंद्र

खर्च न वाढविता भरवसा वाढविण्याचा एक उत्तम नमुना बेळगाव जिल्ह्यातच घडला आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या शासकीय संशोधन संस्थेने खेड्यांसाठी १२८ दारांचे लहान इलेक्ट्रॉनिक दूरध्वनी केंद्र तयार केले, आणि त्यांतील पहिले केंद्र १९८६ मध्ये कित्तूर येथे बसविण्यात आले. राणी चन्नम्मांमुळे इतिहासाला ठाऊक असलेले कित्तूर असे दूरसंचाराच्या इतिहासातही आले.

परदेशी बनावटीच्या इलेक्ट्रॉनिक केंद्रांना थंड व धूळविरहित हवा लागे. त्यासाठी वातानुकूलन यंत्र, त्यासाठी अखंड वीज, त्यासाठी मोठे जनित्र, अशी ही साखळी. खेड्यात वीज गेली की आधी गारवा जाई आणि मागोमाग दूरध्वनी. या अडचणीवर नेहमीचा उपाय म्हणजे आणखी एक जनित्र. सी-डॉटच्या अभियंत्यांनी निराळा विचार केला. थोडी वीज घेणारे आणि थोडी उष्णता निर्माण करणारे भाग निवडून त्यांनी वातानुकूलनाची गरजच काढून टाकली. नसलेले यंत्र बिघडत नाही आणि त्याला डिझेलही लागत नाही.

मनोऱ्यांच्या बाबतीत हा धडा आजही लागू पडतो. भ्रमणध्वनीचा मनोरा वीज गेल्यावर बॅटरीवर काही तास चालतो, नंतर डिझेल जनित्रावर. पुरात किंवा वादळात डिझेलची गाडीच पोहोचत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड व रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कित्येक गावांत वीज परत येण्यास आठवडे लागले. तेथे एकाच्या जागी दोन जनित्रे असती, तरी टाक्या दोन्हींच्या रिकाम्याच राहिल्या असत्या. जादा बॅटरी, सौर पट्ट्या आणि पावसाळ्यापूर्वी भरून ठेवलेली टाकी यांचा खर्च त्या मानाने माफक आहे. पण तोही प्रत्येक मनोऱ्यावर करण्याची आवश्यकता नाही. तालुक्यातील उंचावरचे, दूरवर पोहोचणारे थोडे मनोरे निवडून त्यांना अधिक दिवसांची शिदोरी दिली, तर निदान बोलणे चालू राहते.

राखीव गाडी कोणासाठी?

एस.टी.च्या आगारात प्रत्येक गाडीमागे एक राखीव गाडी नसते. अनेक फेऱ्यांमागे एखादी राखीव असते आणि एकाच सकाळी सगळ्या गाड्या बंद पडणार नाहीत, या भरवशावर आगार चालते. दूरसंचारातही ही दोन्ही तत्त्वे वापरतात. फार महत्त्वाच्या दुव्याला स्वतंत्र जोडीदार देतात. इतर अनेक दुव्यांत मिळून एक राखीव मार्ग ठेवतात. स्वतंत्र जोडीदार महाग आणि तत्काळ कामी येणारा. सामाईक राखीव स्वस्त, पण एकाच वेळी दोन ठिकाणी तुटले की कोणाला तरी थांबावे लागते. त्यामुळे आधी कोणाचा दूरध्वनी जोडावयाचा, याचा क्रम पूर आल्यावर नव्हे, त्यापूर्वीच ठरलेला असला पाहिजे.

ट्रंक कॉलच्या काळात हा क्रम पैशाने ठरत असे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे वर्ग होते. अर्जंटला साध्याच्या दुप्पट आणि लाइटनिंगला आठपट आकार पडे. निपाणीच्या तंबाखू बाजारात भाव हलू लागला की घाईतल्या व्यापाऱ्याला हा फरक परवडे, खेड्यातील माणसाला परवडत नसे. आज दरपत्रकातून हे वर्ग गेले आहेत; पण वाट अपुरी पडली की कोणाला तरी मागे ठेवावेच लागते, आणि ते लोकांना न सांगता यंत्रात लिहून ठेवलेले असते.

क्रम ठरविताना दुरुस्ती करणारांनाही विसरून चालत नाही. कॅनडात ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स या कंपनीचे जाळे देखभालीतील एका बदलामुळे कोसळले. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा बंद पडली, आणीबाणीचे कॉल लागेनात, दुकानांतील कार्डाचे व्यवहार अडले. कंपनीचे अभियंते स्वतःही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळे त्यांना एकमेकांशी बोलणे दुरापास्त झाले. घरातील दूरध्वनी-इंटरनेट आणि भ्रमणध्वनी यांचा गाभा एकच होता. तो वेगळा करण्यासाठी किमान २५ कोटी कॅनेडियन डॉलर खर्च करावयाचे कंपनीने त्यानंतर जाहीर केले. बांधणीच्या वेळी गाभा एक ठेवल्याने वाचलेला पैसा असा परत द्यावा लागला. भुजच्या २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात हौशी रेडिओचालक आणि उपग्रह दूरध्वनी उपयोगी पडले, याचेही कारण त्यांचा कोसळलेल्या केंद्राशी संबंध नव्हता, हेच.

गावात वलयाचे काम निघाले असता ग्रामपंचायतीने मार्गाचा आराखडा मागून घेणे इष्ट ठरेल. येणारी आणि जाणारी बाजू कोणत्या रस्त्याने जाते, दोन्ही एका चरात आहेत काय, कोणत्या पुलावर एकत्र येतात आणि तो पूल २०१९ मध्ये पाण्याखाली होता काय, एवढे त्यावरून समजते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गावातील कोणीही वृद्ध देऊ शकेल. पहिल्या तिहींचे उत्तर चर उघडा असतानाच पाहून घ्यावे लागते. तो एकदा बुजविला आणि वर डांबर पडले, म्हणजे तेवढ्यासाठी पुन्हा खणावे लागते.